सत्तर टक्के

"गोळा माझ्या काचघरात पडला आणि तो ह्याच्याच यंत्राने फेकला. एवढंच लिहून द्या," थोरले म्हणाले.

नगर कार्यालयाकडून तक्रारीच्या तपासाला आलेल्या अभियंता बाईंनी मान वर केली. छपराची एक काच फुटली होती. बरोबर तिच्याखाली, फळीवर, आठ किलोचा सिमेंटचा गोळा होता.

"नुकसानभरपाई किती हवी?"

"नको."

"मग यंत्र तिथून हलवायचं?"

"असं कुठे म्हटलंय मी? यंत्राचा गोळा इथवर पोचला, असं लिहा. खाली शिक्का मारा."

बाईंना हे काही पटेना. भरपाई न मागणारा तक्रारदार त्यांच्या नोकरीत त्यांना भेटला नव्हता. थोरले आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते शेजारचे धाकटे, हे दोघे सख्खे भाऊ. वाटणीत मधल्या भिंतीवरून जुंपली, तेव्हापासून एकमेकांची पायरी चढले नव्हते. म्हातारा हा कागद घेऊन उद्या कोर्टात उभा राहणार, असं बाईंनी मनाशी धरलं.

फळीवर रोपांच्या कुंड्या खेटून ठेवलेल्या होत्या. गोळ्याभोवती तेवढी मोकळी जागा होती आणि तिथे फळीवर कुंड्यांच्या बुडांचे गोल डाग दिसत होते. एकाही रोपाला धक्का लागला नव्हता.

"नशीबवान आहेत तुमची रोपं," बाई म्हणाल्या. "आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. पाणी घालत होतो."

तक्रारीत 'झोपलो होतो' असं लिहिलं होतं. बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली. थोरल्यांनी पट्टी बांधलेला अंगठा खिशात घातला.

भिंतीपलीकडे धाकट्यांचं घर. धाकटे शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि हे गोफणयंत्र उभारत बसले. मागच्या लांबलचक परसाच्या पार टोकाला ते उभं होतं. भांडणाच्या वर्षी त्यांनी भिंतीवरून ओरडून सांगितलं होतं, की एक दिवस तुझ्या काचघरापर्यंत गोळा पोचवून दाखवीन. तेव्हापासून दोघांमध्ये बोलण्यासारखा तेवढाच विषय उरला होता.

ओसरीत दोरीने बांधलेल्या पुस्तकांचे खोके होते.

"कुठे निघालात?"

"मुलगी ये म्हणते," धाकटे म्हणाले आणि खुर्ची पुढे केली.

"मास्तर, तक्रार मान्य आहे का तुम्हाला?"

"मान्य. गोळा माझाच."

इतक्या आनंदाने आरोप कबूल करणारा माणूस पाहून बाईंचा संशय आणखी वाढला. थोरल्यांना काहीतरी साधायचं होतं, आणि ह्यांना बहुतेक मिरवायचं होतं.

हिशेब सोपा होता. लोखंडाने भरलेली पेटी खाली पडते, लांब दांडा वर उसळतो, टोकाची गोफण गोळा भिरकावते. पेटीने दिलेल्या ऊर्जेपैकी किती गोळ्याच्या वाट्याला आली आणि किती दांड्याच्या हेलकाव्यात, आसाच्या करकरीत वाया गेली, एवढंच पाहायचं. बाईंनी पेटी तोलली, तिची उंची मोजली. काचघर गाठायला सत्तर टक्के कार्यक्षमता लागत होती.

"एकदा चालवून दाखवा."

धाकट्यांनी पेटी वर चढवली. बाई टेप उलगडायला वळल्या, तेवढ्यात लोखंडावर लोखंड वाजलं.

"पेटीत काय टाकलंत?"

"कुठे काय?"

"मास्तर, ते बाहेर काढा."

धाकट्यांनी एक जाडजूड पहार मुकाट्याने बाहेर काढली. कॉपी करताना पकडलेल्या विद्यार्थ्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या असतील ह्यांनी, बाईंच्या मनात आलं.

मग दांडा उसळला. गोळा गेला आणि भिंतीच्या बराच अलीकडे गवतात रुतला. तिथली जमीन जुन्या खळग्यांनी भरलेली होती. त्यापुढे मात्र एकही खळगा नव्हता. दुसरा गोळाही तिथेच पडला. टेप लावला, आकडा आला पंचेचाळीस टक्के.

"त्या दिवशी वारा होता," धाकटे म्हणाले.

"आठ किलोच्या गोळ्याला?"



भिंतीवर थोरल्यांचं डोकं दिसलं. "किती आले?"

"मोजतेय अजून," बाई म्हणाल्या आणि धाकट्यांना घेऊन ओसरीत आल्या. वाटेत भिंतीला लागून गोळ्यांची रास होती. पलीकडून हात घातला तरी गोळा सहज उचलता यावा अशी.

बाईंना आता मनापासून राग आला होता.

"मास्तर, तुम्ही निर्दोष आहात," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुमच्या यंत्राची तेवढी ताकदच नाही. त्यांनी राशीतला गोळा उचलला, कुंड्या सरकवल्या, शिडी लावली आणि वरून सोडून दिला. रोपं वाचवली आणि तुम्हाला अडकवलं. मी तसं स्पष्ट लिहिणार आहे."

धाकटे दचकले नाहीत.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. "माझंही उत्तर दर वर्षी तेवढंच येतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग कबूल कशाला करताय?"

धाकट्यांनी खोक्यांकडे पाहिलं.

"गेल्या महिन्यात भिंतीवरून दादाला सांगितलं, की थकलो आता. ह्या खेपेला गोळा काचघरापर्यंत गेला नाही, तर यंत्र मोडतो आणि मुलीकडे कायमचा जातो. तो म्हणाला, जा."

"किती आले?" भिंतीकडून पुन्हा आवाज आला.

धाकटे उठले आणि एका खोक्याची दोरी सोडू लागले.

"सत्तर लिहा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "ह्या वयात शिडी चढलाय तो."