एका लाइनवर दोन मशिनं

तिसऱ्यांदा लाइट गेली आणि राजाभाऊंच्या उशाशी ठेवलेलं ऑक्सिजनचं मशीन किंचाळायला लागलं.

सुनीती पिठाच्या हातांनीच धावत आली. तिने पॅसेजमधला खटका वर केला, तशी किंचाळी थांबली आणि नाकातल्या नळीतून हवा परत सुरू झाली. सासऱ्यांकडे एकदा नीट बघून घेऊन तिने बंद बाल्कनीचं दार उघडलं.

"यशोधन, बस्स झालं यार!"

बाल्कनीत तिचा नवरा कानांवरचे मफ गळ्यात ओढून उभा होता. अंगभर भुसा, समोर टेबलावर त्याचं लाडकं सीएनसी. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी हे मशीन लाकडात कोरतं. पण मध्येच लाइट गेली की टोक कुठवर आलं होतं तेच विसरतं आणि फळी जाते वाया. तशा फळ्यांची कोपऱ्यात रास लागली होती.

"भुसा ओढायच्या व्हॅक्यूमचा लोड येतोय," यशोधन म्हणाला. "त्याचा स्पीड कमी करतो. दारावरच्या पाटीची एक लास्ट ट्रायल."

"लास्ट म्हणजे लास्ट. आता लाइट गेली ना, तर हे मशीन घरातून जाणार. तुझ्या खेळण्यापायी बाबांचा श्वास अडकतो, कळतंय का तुला?"

"बिल्कुल," यशोधन खाली मान घालून म्हणाला.

मयूर विहारमधल्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये बाल्कनी आणि राजाभाऊंची खोली एकाच लाइनवर होती. वेगळी लाइन ओढून देणारा वायरमन आठवडाभर रोज 'कल पक्का' म्हणत होता, आणि यशोधनला काही धीर धरवत नव्हता. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा राजाभाऊंनी आपणहून हीटर बंद करायला लावला. दुसऱ्यांदा गेली तेव्हा एअर प्युरिफायर. खिडकीबाहेर जानेवारीचं धुकं आहे की धूर, ते सांगता येत नव्हतं. आता खोलीत चालू असलेली एकच वस्तू उरली होती, आणि ती बंद करा म्हणायला कोणाची जीभ रेटणार?

राजाभाऊंची उभी हयात सरकारी वीज खात्यात गेलेली. व्हॅक्यूमची सबब त्यांना पटण्यातली नव्हती. स्पीड कितीही कमी केला तरी दोन्ही मशिनं त्या लाइनला झेपणार नव्हती, हे त्यांनी पडल्या पडल्या ताडलं होतं.

नोकरी सुटल्यापासून पोरगं घरात असून नसल्यासारखं झालं होतं. दिवसभर सोफ्यावर पडून फोन बघायचा, जेवायला हाक मारली तर 'हं' म्हणायचा आणि उठायचा नाही. मग मशीनचं खोकं आलं, आणि तो शीळ घालत टेबल ठोकायला बसला. ती शीळ ऐकून राजाभाऊंना भरून आलं होतं. मशीन गेलं तर पोरगं पुन्हा त्या सोफ्यावर जाणार, याचीच त्यांना आपल्या श्वासापेक्षा जास्त धास्ती वाटत होती.

डॉक्टरांनी जेवणापुरती, आंघोळीपुरती नळी काढायची मुभा दिलीच होती. ही एक आंघोळ समजायची, झालं.

सुनीती पोळ्यांकडे वळली. बाल्कनीचं दार लागलं. प्लग ओढला तर मशीन बोंब मारणार, म्हणून राजाभाऊंनी हात लांबवून त्याचं बटणच दाबलं. नळी मात्र नाकात तशीच ठेवली.

पलीकडे घरघर सुरू झाली. मग टोक लाकडात शिरल्याचा कर्कश आवाज आला. लाइट टिकली.

सुरुवातीला काहीच वाटलं नाही. उगाच घाबरलो, असंही त्यांना वाटून गेलं. मग हळूहळू छातीवर कोणीतरी मांडी ठोकून बसलं. त्यांनी उशी पाठीशी उभी केली, ओठ आवळून श्वास सोडला. आवाज थांबला. संपलं? नाही, टोक पुढच्या अक्षरावर गेलं होतं. "आटप रे बाबा, आटप," ते मनातल्या मनात त्या मशीनला विनवायला लागले. एक हात बटणाशीच होता. दुसऱ्या हाताची नखं निळसर दिसायला लागली, तसा तो त्यांनी शालीत घेतला.

तेवढ्यात सुनीती दारातून डोकावली. "बाबा, ठीक आहात ना?" त्या आवाजात ती ओरडूनच विचारत होती. त्यांनी नुसती मान हलवली. बोलायला हवाच नव्हती. नाकातली नळी बघून ती निर्धास्त परत गेली.

अखेर घरघर उतरत उतरत थांबली. राजाभाऊंनी बटण चाचपलं आणि दाबलं. नळीतून हवा आली, ती त्यांनी तहानलेल्या माणसासारखी ओढून घेतली.

यशोधन फळी घेऊन धावतच आत आला, मागोमाग सुनीती. दारावरची पाटी झाली होती, अक्षरं अगदी रेखीव.

"बघ! माझंही चालू, बाबांचंही चालू. व्हॅक्यूमच होता. सांगत होतो ना?"

सुनीतीने अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचा राग निवळला. "चलो, मान गए. राहू दे तुझं मशीन." मग तिचं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. "बाबा, एवढा घाम? या थंडीत?"

"शाल... जाड आहे," राजाभाऊ म्हणाले.

यशोधनचा चेहरा कितीतरी महिन्यांनी फुलला होता. तो बघून म्हाताऱ्याला खरोखरच बरं वाटलं.

"ही तर नुसती ट्रायल होती, बाबा," यशोधन म्हणाला. "आता देव्हाऱ्याची जाळी लावतो. संध्याकाळपर्यंत सलग चालेल."

राजाभाऊंनी दोन श्वास घेतले.

"लाव," ते म्हणाले. "आणि जाताना माझं दार लोटून घे."