सरोवरात पडलेलं घड्याळ

"तुम्हाला पटायचं नाही," म्हणत फर्नांने मनगट पुढे केलं. रोज घालायला त्याचं पाणबुड्याचं घड्याळ सरस की मेहुण्याचं वैमानिकाचं, यावरून जुरा डोंगरातल्या त्या घड्याळजींच्या गावात जेवताना दोघांची चांगलीच जुंपली होती.

"पानगळीत हे सरोवरात पडलं, वर बर्फाची लादी बसली. काल जाळ्यात आलं, तर टिकटिक चालूच! तुझं टिकलं असतं का रे, लुसियाँ?"

लग्नात फर्नांला ते घड्याळ देणारी आणि ते हरवलं म्हणून हिवाळाभर हळहळलेली त्याची बायको ओदील हे सगळं ऐकत होती. तिने काटा-चमचा खाली ठेवला.



"फर्नां, ते घड्याळ हात हलला तरच चालतं, दोन दिवस पडून राहिलं की बंद. मग हिवाळाभर ते कुणाच्या मनगटावर होतं?"