होडीच्या बुडावर तीन ठोके

जावई म्हणून डोक्यावर बसवला, तर मेल्कियासने सासूच्याच समुद्रात पर्यटकांसाठी धक्का बांधायचा घाट घातला. बॉम्ब टाकून मासे मारणाऱ्यांनी तिथलं पोवळं कधीच संपवलं, मेलेल्या जागेवर कसली बंदी पाळता, असं तो गावभर सांगत फिरे. ती बंदी त्याच्या सासूची, ओर्पाबाईची होती. तीन वर्षांपूर्वी तिने गावच्या बायकांना घेऊन प्रार्थना केली, बंदीची खूण म्हणून पाण्यात झावळी रोवली आणि सगळ्यांनाच तिथे उतरायला मनाई केली.

आज तपासायला म्हणून मेल्कियास पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरला. होडीत ती एकटीच राहिली.

थोड्या वेळाने होडीच्या बुडावर खालून तीन ठोके पडले. डोक्यात वल्हं बसू नये म्हणून बुडी मारणाऱ्या गावच्या बायका वर येताना असंच ठोकतात. ओर्पाबाईने सवयीने वल्हं उचललं. वर कोणीच आलं नाही.

मेल्कियास पाण्यातून वर आला तो पार लांब, झावळीपाशी. धापा टाकत येऊन त्याने होडीची कड धरली.

"आई, सगळं जिवंत आहे! माशांनी नुसतं गच्च! पण तुटलेली पोवळी कोणीतरी झावळीच्या पातींनी बांधलीत. पाती अजून हिरव्यागार आहेत. तुमच्याच बायका ना?"

"माझ्या बायका पहाटेच साबूच्या झाडांचा गर काढायला रानात गेल्यात."

त्याच्या पायांखाली तीन ठोके पडले. मग डावीकडे, उजवीकडे, खालच्या सगळ्या पोवळ्याच्या खडकावर.

ओर्पाबाई ताठ बसली. लेकीच्या लग्नातही ती एवढ्या तोऱ्यात बसली नव्हती.

"धक्का होणार नाही, जावईबापू. आता पाय वर घे, त्यांच्या कामात आडवा येतोयस."