शेवटची कटिंग

"तुझ्याकडची ही शेवटचीच कटिंग बरं का! या शहरात राहणं आता आपल्याला झेपत नाही," असं भूगोलाचे सर गेली सहा वर्षं दर महिन्याला सलूनवाल्याला ऐकवत. मग कात्री चालू असेपर्यंत नदीकाठच्या एका छोट्या गावाचं कौतुक चाले: निम्मं भाडं, बारमाही पाणी, सगळी साधी माणसं. सलूनवाला 'हो का? हो का?' करत ऐकून घेई. उठताना मात्र सर कॉलर झटकत म्हणत, "बघू, पोरीची परीक्षा तेवढी होऊ दे."

काल सर दुकानापाशी पोचले, तर शटर बंद. वर चिठ्ठी चिकटवलेली:


"सर, तुमच्या त्या गावात दुकान टाकलंय. सगळं तुम्ही सांगितलं तस्संच आहे. केस फार वाढायच्या आत या!"