पेढा निघाला

"पेढा! बघा, पेढाच निघाला!" विठाकाकींनी वाटीवरचं झाकण उचललं आणि चिखलोलीच्या टॉवरमधला अख्खा हॉल ओरडला. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. झाकलेल्या दोन्ही वाट्यांत पेढेच होते, हे फक्त काकींना ठाऊक.

फुलांच्या झोपाळ्यावर त्यांची सून स्वप्नाली बसली होती. सातवा महिना, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, हातात फुलांचा धनुष्यबाण. काकींनी पेढा तिच्या तोंडाला लावला. तिने अर्धा तोडला. उरलेल्या अर्ध्यावर लाल खूण उमटली.

"अय्या, केशर पण घातलंय!" एक पाहुणी म्हणाली.

"रक्त आहे ते." हिमानी पुढे आली. ती तिसऱ्या मजल्यावरची, दातांची डॉक्टर. "काकी, पाचव्या महिन्यातच बोलले होते ना? हिरड्या सुजल्यात, साफ करून घेऊ. ही सूज तोंडापुरती राहत नाही. बाळ वेळेआधी येऊ शकतं."

"काय गो, बाळ काय तोंडात असतं?"

हॉल खो खो हसला.

"पोटुशीच्या तोंडात मशीन नाय घालायची. मी घरची मिशेरी दिलीय तिला. रोज दोन टाइम घासते."

"मिशेरी? अहो, तंबाखू आहे ती!"

"भाजलेली हाय," काकींनी समजूत घातली. "डिलिव्हरी होऊ दे, मग बत्तीसच्या बत्तीस साफ कर."

"आई, सकाळपासून कंबर दुखतेय," स्वप्नाली हळूच म्हणाली.

"नटून बसलं की दुखतेच."

तेवढ्यात झोपाळ्याखाली पाणी दिसलं.

"सरबत सांडलं कुणीतरी! प्रज्वल, पोछा आण!"

स्वप्नालीचा नवरा झब्बा सावरत पोछा घेऊन आला. त्याने पुसलं. परत ओलं. परत पुसलं. परत ओलं.

हिमानी खाली वाकली. "प्रज्वल, पोछा ठेव. गाडी काढ. हे सरबत नाही."

काकी बोटांवर महिने मोजायला लागल्या. सातव्या बोटावर थांबल्या, परत पहिल्यापासून मोजायला लागल्या.

कॅम्प दोनच्या स्टुडिओतून आलेला फोटोग्राफर स्टुलावर चढून कॅमेऱ्याशी खटपट करत होता. त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं.

"वहिनी, इकडे बघा. मघापासून तोंड मिटून बसलाय. जरा दात दिसू द्या ना!"

कळ आली. स्वप्नालीने मोठ्ठा आ केला. सगळे दात दिसले, लालभडक.

"बस्स, असंच!" तो म्हणाला, आणि त्याने फ्लॅश मारला.