आवतन

"ते स्वप्न पुसूनच घ्या. रोज पहाटे लाथा मी खाते, तुम्ही नाही," किरणखोलीत शिरता शिरता चारुलता नवऱ्याला म्हणाली.

उमाकांतच्या हृदयात बैलाच्या ऊतीची झडप होती. निर्जंतुकीकरण चोख झालं होतं; जंतू सगळे मेले, बैलाची आठवण तेवढी जिवंत राहिली. अशा झडपांमुळे जनावरांच्या आठवणींची स्वप्नं आता घरोघर पडत, आणि छातीवर किरण धरून ती कायमची पुसून मिळत.

खाटेवर आडवा होऊन उमाकांत छताकडे बघत राहिला.

"चारू, स्वप्नात पोळ्याची आदली संध्याकाळ असते. सगळं पिवळं-पिवळं. एक म्हातारा माझ्या खांद्यांना हळद-लोणी चोळतो. इतकं सुख, की डोळे आपोआप मिटतात. मग तो कानाशी लागून म्हणतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.'"

"मग? जेवायला काय असतं?"

"तेच तर कळत नाही. उद्या उजाडतच नाही. त्या बैलाला पोळा दिसलाच नसणार."

आगंतुकाला चारुलता चहासुद्धा अर्धाच कप द्यायची. पण आमंत्रण दिलेला माणूस तिच्या दारातून उपाशी परतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तंत्रज्ञ मुलीने बटणावर बोट ठेवलं. "सुरू करू ना, काकू?"

"थांब गं," चारुलताने तिचा हात धरला. "पुढची तारीख दे. आधी घरी जाऊन पुरण घालते, ह्यांना पोटभर जेवू घालते. बोलावलंय ना त्या बैलाला? मग उपाशी कसं घालवायचं?"