चार विजारी, बारा माणसं

"जांघेत," मुकादम म्हणाला.

तिन्ही पाळ्यांच्या बैठकीत भट्टीवरची बाकीची अकरा माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली. नव्या मॅनेजरबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "काय होतंय?"

"गजकर्ण. खाज, आग, कातडीचे पापुद्रे सुटतात."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण आज मागे हटायचं नाही, हे घरून निघतानाच ठरलं होतं. तीनदा बरं होऊन तीनदा उलटलं होतं. आधी त्याने दुकानातून मुकाट्याने एक ट्यूब आणली. दोन दिवस गार वाटलं आणि महिन्याभरात ते कमरेपर्यंत चढलं. मग लाज गुंडाळून डॉक्टर गाठला. डॉक्टरने बजावलं होतं: खाज थांबली तरी सांगितलेले दिवस मलम लावायचंच, अंग कोरडं ठेवायचं आणि दुसऱ्याचा कपडा घालायचा नाही.

इथेच घोडं अडलं होतं. भट्टीसाठीच्या जाड विजारी चारच. एक पाळी उतरली की त्याच घामेजलेल्या विजारी पुढच्या पाळीच्या अंगावर.

"मला माझी वेगळी विजार द्या, मॅडम. धुऊन, वाळवून मीच आणीन."

"एकट्यासाठी नाही मागवता येणार. सगळ्यांचीच अडचण असेल तर उद्याच मागवते. आहे आणखी कोणाला?"

रोज पाय फाकवून चालणारे हेच गडी आता छताचे पत्रे न्याहाळत होते. मुकादमाचं डोकंच फिरलं.

"हात वर करा रे!" त्याने स्वतःचा हात वर केला. "रोज आगीपुढे उभे राहता, आणि एवढ्याशा गोष्टीला घाबरता?"

एकही हात हलला नाही. तो सरळ सगळ्यांत जुन्या भट्टीवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याला सगळे आप्पा म्हणत.

"आप्पा, हात?"

"कुठला?" आप्पा कुरकुरला. "एक तर मघापासून कामात आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी शेड हसली, बाईसुद्धा. आप्पाने उजवा हात वर केला. मग त्याच्या शेजारच्याने केला, मग मागच्या रांगेने.

मुकादमासकट बारा हात वर गेले. आप्पाचा डावा मात्र अजून खिशातच होता.